मागच्या सीटवरची बंदूक

कॅल्गरीतल्या मराठी लोकांत माझी ओळख करून देताना आजही कुणीतरी जरा थांबतं आणि हसून म्हणतं, "अहो, हेच ते बंदूकवाले." मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. जिच्यामुळे हे नाव पडलं ती बंदूकही माझी नव्हती. पण नवीन माणसाला हे सगळं समजावून सांगायला समोसा हातात घेऊन किती वेळ उभं राहणार? मीही हसतो.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी एका तेल कंपनीत पाइपलाइनच्या डिझाइनचं काम करायला वर्क परमिटवर आलो होतो. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावाकडे होती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कायमच्या वास्तव्याचे कागद हातात आले की तिने राजीनामा द्यायचा आणि मुलीला घेऊन इकडे यायचं, असं आमचं ठरलं होतं. त्याआधी तिची पक्की नोकरी सोडायला मी तयार नव्हतो. तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला पक्की नोकरी काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. आमच्या घरातला पदवी घेतलेला मी पहिला.

त्या पदवीत माझा वाटा किती आणि इतरांचा किती, हे मला नेमकं ठाऊक होतं. गणिताच्या सरांनी दहावीला त्यांच्या घरी अभ्यासाला बसवलं. एका वकिलांनी हॉस्टेलसाठी चिठ्ठी दिली. ह्या लोकांसमोर वडील कधी खुर्चीवर बसले नाहीत आणि मलाही बसू दिलं नाही. ज्याने हात दिला त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. घरात पाहिलं होतं.

कॅल्गरीत मला हात दिला तो काकांनी. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. सत्तर सालाच्या आसपास इथे आलेले डॉक्टर, मराठी मंडळाचे अध्यक्ष, शहरातल्या जुन्या मराठी लोकांपैकी एक. मी विमानतळावर उतरलो तेव्हा बाहेर उणे बावीस होतं आणि माझ्या अंगात गावच्या शिंप्याने शिवलेला कोट. काकांनी स्वतःचं जाड जॅकेट काढून मला दिलं आणि म्हणाले, "हे घाल आधी. नमस्कार-चमत्कार गाडीत करू." त्यांच्या बेसमेंटमध्ये मी दहा महिने राहिलो. गाडी कशी चालवायची, बर्फ शोव्हल करताना पाठ कशी सांभाळायची, साहेबाशी नजरेला नजर देऊन कसं बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या अर्जासाठी शिफारसपत्रही त्यांनीच दिलं होतं.

काकांना शिकारीचा नाद होता. नोव्हेंबरात हॉस्पिटलातले दोन गोरे डॉक्टर आणि ते शहराच्या दक्षिणेला हरणं मारायला जायचे. काकूंना ते अजिबात खपत नसे. हरणाचं मांस घरात आणायचं नाही, त्याचा फ्रीझर वेगळा, तोही गॅरेजमध्ये. काका मला हळूच बेसमेंटमध्ये येऊन विचारायचे, "आज रस्सा करायचा का रे?" मग खालच्या छोट्या चुलीवर मी गावाकडचा काळा मसाला घालून रस्सा करायचो आणि आम्ही दोघं वर वास जाऊ नये म्हणून पंखा लावून जेवायचो. ते दिवस मला वाईट म्हणता येत नाहीत. तसं म्हणता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

पहिल्या नोव्हेंबरात माझी फाईल शेवटच्या टप्प्यावर होती. मेडिकल झालं होतं, पोलिसांचा दाखला गेला होता. बायकोने राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला होता, फक्त तारीख घालायची राहिली होती.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन शनिवारी दुपारी होता. आदल्या संध्याकाळी काका शिकारीहून परतले होते. दमलेले होते, बंदूक गाडीच्या डिकीतच राहिली. हिरव्या कॅनव्हासची लांब पिशवी, तिच्या एका बाजूला हरणाच्या रक्ताचा हातभर डाग. रिकामी बंदूक, गोळ्या वेगळ्या घरात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला हेच पुन्हा पुन्हा विचारलं गेलं.

काकूंच्या व्हॅनमध्ये समई, रांगोळीचं सामान, स्पीकर आणि नाचणाऱ्या मुलींचे कपडे खच्चून भरले होते. मसालेभाताची दोन मोठी पातेली, श्रीखंडाचे डबे आणि लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याचं ताट मी काकांच्या गाडीतून आणायचं ठरलं. काकांनी किल्ली माझ्याकडे टाकली. "डिकीत माझी बंदूक आहे. जरा कडेला सरकव आणि ठेव पातेली."

मी पिशवी कडेला सरकवली आणि नैवेद्याचं ताट ठेवायला वाकलो, तेवढ्यात काकू आल्या. पैठणी, वर लांब कोट, पायांत बर्फाचे बूट.

"अगं बाई! त्याच्या शेजारी नैवेद्य ठेवतोस? रक्त आहे ना रे त्याला!"

"काकू, ताट झाकलेलं आहे."

"झाकलेलं असू दे. देवीपुढे ठेवायचंय ते. काढ आधी ते तिथून." मग व्हॅनच्या दिशेने वळून, "अहो, तुमचं हे लफडं आज तरी घरात ठेवायचं होतंत!"

काका व्हॅनमध्ये बसलेले, गाडी चालू, काच खाली. त्यांना उशीर झाला होता आणि बायकोसमोर हे प्रकरण लांबवायचं नव्हतं. "अरे, ठेव मागच्या सीटवर. वर ते ब्लँकेट टाक. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. आता हिच्याशी वाद घालत बसू नकोस."

मी बंदूक मागच्या सीटवर आडवी ठेवली. वर गाडीतलं चौकड्यांचं ब्लँकेट टाकलं. नैवेद्य डिकीत गेला. आमच्या गावातही कुणी मटणाच्या पिशवीशेजारी नैवेद्याचं ताट ठेवलं नसतं, त्यामुळे मला ह्यात वावगं काही दिसलं नाही. देवाचं जपलं, म्हणजे झालं.

शाळेच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर पातेलं उचलायला गेलो तर त्याचे कान चांगलेच तापलेले. धरायला काही नव्हतं. मी ब्लँकेट ओढून घेतलं, पातेल्याभोवती गुंडाळलं आणि दोन फेऱ्यांत सगळं आत नेलं. गाडीला कुलूप लावलं. ब्लँकेट मात्र आतच राहिलं, पातेल्याखाली, हॉलच्या फरशीवर डाग पडू नये म्हणून. माझी चूक काय असं मला कुणी विचारलं तर ती ही. एवढी माझी. ती मी नाकारत नाही.

पूजा झाली. मुलींचा नाच चालू होता. मी वाढायला पत्रावळी लावत होतो. तेव्हा शाळेचा केअरटेकर आणि त्याच्यामागून दोन पोलीस आत आले. बाहेरच्या निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बंदुकीची पिशवी दिसतेय, गाडी कुणाची, असं त्यांनी विचारलं. शाळा, आत पन्नास पोरं, आणि काचेतून दिसणारी बंदुकीची पिशवी. संगीत बंद झालं. सगळ्यांच्या माना आधी काकांकडे वळल्या, कारण गाडी सगळ्यांना माहीत होती.

"गाडी माझी आहे," काका शांतपणे म्हणाले. "आज हा घेऊन आला."

आम्हाला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेलं. एक पोलीस गाडीकडे गेला, दुसरा वायरलेसवर गाडीचा नंबर सांगत चार पावलांवर उभा. तेवढ्या वेळात काका माझ्याशी बोलले, मराठीत. चेहऱ्यावर हसू ठेवून, जणू आम्ही जेवणाची व्यवस्था ठरवतोय.

"हे बघ, नीट ऐक. मी तुला सांगितलं होतं की डिकीतल्या बंदुकीला हात लावू नकोस. तू नैवेद्यासाठी ती काढलीस. मला माहीत नव्हतं. कळलं?"

"पण काका, तुम्हीच तर म्हणालात, सीटवर ठेव."

"अरे, हो रे बाबा. पण माझ्याकडे लायसन्स आहे. लायसन्सवाल्याने असं केलं तर ते जास्त धरतात. माझ्या चार बंदुका जातील, हॉस्पिटलला कळेल, पेपरात येईल. तू नवीन आहेस, तुला नियम माहीत नाही. तुला वॉर्निंग देतील आणि सोडतील."

"माझी फाईल आहे काका."

"तिचा ह्याच्याशी काय संबंध? मी आहे ना. मी बघतो सगळं."

एवढंच बोलणं. मी लिहून काढलं तर पाव पान भरतं. तेव्हा मला विचार करायला वेळ नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. वेळ होता. पोलीस परत येईपर्यंत मी त्यांच्या जॅकेटकडे पाहत होतो. पहिल्या दिवशी मला दिलेलं तेच जॅकेट, मी नवं घेतल्यावर त्यांना परत केलेलं. ह्या माणसाला मी नाही कसं म्हणू? वडिलांनी कधी म्हटलं असतं का?

पोलिसाने विचारलं आणि मी सांगितलं. डिकीतल्या बंदुकीला हात लावू नको असं मला सांगितलं होतं. मी लावला. त्यांना माहीत नव्हतं. त्याने ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. माझी सही तेव्हा फार नीट असायची, सरांनी शिकवलेली, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी.

पोलिसांनी काकूंना काही विचारलं होतं का, मला आठवत नाही. त्या हॉलच्या दारात उभ्या होत्या, हातात वाढायची पळी. सगळं ऐकत होत्या. मी सही केली तशा त्या वाढायला आत गेल्या.

वॉर्निंग मिळाली नाही. निष्काळजीपणे बंदूक ठेवल्याचा गुन्हा माझ्यावर लागला. काकांच्या बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या, कारण लेखी जबाबाप्रमाणे त्यांनी सगळं बरोबर केलं होतं; किल्ली माझ्याकडे कशी आली हे कुणी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी मला इमिग्रेशनचं पत्र आलं: आरोपाचा निकाल लागेपर्यंत अर्जावर निर्णय होणार नाही. मी ते पत्र घेऊन वर गेलो. काका टीव्हीवर हॉकी पाहत होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"ह्या देशात पेशन्स ठेवावा लागतो," म्हणाले. "आम्हीसुद्धा काय काय सोसलंय."

बायकोला फोनवर सांगताना मी तिलाही पोलिसांना सांगितलेलंच सांगितलं. तिला खरं सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावला असता. ती म्हणाली, "तुम्हाला हात लावू नका सांगितलं होतं, मग लावलात कशाला?" खोट्याला खोटं जोडून मी म्हणालो, "नैवेद्य होता गं."

कोर्टाच्या तारखा पडत गेल्या. शेवटी सरकारी वकिलाने समाजसेवेचे तास भरायला सांगून आरोप मागे घेतला. मी एका धान्यवाटप केंद्रात शनिवारी टिनचे डबे निवडले. पिचलेले वेगळे, तारीख संपलेले वेगळे. पण तोवर मेडिकलची मुदत संपली होती, ते पुन्हा करावं लागलं, फाईल पुन्हा रांगेत गेली. ठरलेल्या वेळेपेक्षा पावणेदोन वर्षं उशिरा बायको आणि मुलगी उतरल्या. विमानतळावर मी मुलीसाठी गुलाबी जॅकेट घेऊन उभा होतो. अंदाजाने घेतलेलं, दोन मापं लहान निघालं. ती आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "आई, हे फोनवाले बाबा का?"

मी तोपर्यंत काकांचं बेसमेंट सोडलं होतं. भांडण झालं नाही. काका मला कार्यक्रमांत भेटत, पाठीवर थाप मारत. मंडळात कुणी माझ्याशी खुर्चीवरून वाद घातला की दुसरा म्हणे, "अरे, ह्याच्या नादी लागू नकोस, गाडीत काय ठेवलं असेल सांगता येत नाही." सगळे हसत. काकाही हसत. काका सगळ्यात मोठ्याने हसत, असं मला वाटायचं. कदाचित मी त्यांच्याकडेच पाहत असायचो म्हणून.

मुलगी शाळेत रुळल्यावर एका वर्षी मी बंदुकीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला. बायको म्हणाली, "आता हे काय नवीन?" तिला खरं अजूनही माहीत नव्हतं. मला फक्त एकदा पाहायचं होतं की नियम नेमका काय आहे. ज्याच्यासाठी मी सही केली तो नियम मी कधी वाचलाच नव्हता.

शिकवणारा एक म्हातारा शेतकरी होता, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून शिकवायचा. त्याने फळ्यावर एक गाडी काढली. गाडी सोडून जायचं असेल आणि तिला डिकी असेल, तर बंदूक रिकामी करून डिकीत, डिकीला कुलूप. डिकी नसेल तर बाहेरून दिसणार नाही अशी ठेवायची आणि गाडीला कुलूप. सीट ही जागाच नाही. ब्लँकेट टाका नाहीतर गालिचा टाका. मग त्याने फळ्यावर किल्लीचं चित्र काढलं आणि म्हणाला, "आणि आता सगळ्यात आधीची गोष्ट. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही. गाडीत बंदूक असताना किल्लीही द्यायची नाही. किल्ली दिलीत की बंदूक दिलीत. तिथून पुढे काहीही झालं तरी चूक तुमच्यापासून सुरू होते."

मी ते वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. म्हणजे मी सीटवर ठेवली काय किंवा डिकीत राहू दिली काय, ब्लँकेट काढलं काय किंवा घातलं काय, किल्ली माझ्याकडे उडाली तेव्हाच काय व्हायचं ते झालं होतं. आणि हे काकांना माहीत होतं. लायसन्ससाठी त्यांनी हीच परीक्षा दिली असणार. कॉरिडॉरमध्ये हसत हसत बोलत होते तेव्हा त्यांना पोलिसाइतकंच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

परीक्षेत मला चांगले मार्क पडले. लायसन्स आलं. बंदूक मी घेतली नाही.

आणखी काही वर्षांनी काकांचा फोन आला. घर विकून ते आणि काकू मुलाजवळ टोरांटोशेजारच्या मिल्टनला राहायला जाणार होते, कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये. तीन बंदुका शिकारीच्या मित्रांनी घेतल्या होत्या, एक राहिली होती. ती जुन्या बंदुका घेणाऱ्या दुकानात पोचवायची होती. काकांचे हात कापू लागले होते, गाडी चालवणं बंद. "तुझ्याकडे लायसन्स आहे म्हणे," ते म्हणाले. "मग तूच ये. दुसऱ्या कुणाला कशाला त्रास?"

मी गेलो. जाऊ नये असं वाटलं होतं, तरी गेलो. सवय होती.

गॅरेजमध्ये खोकी रचलेली. काकांचा मुलगा मिल्टनहून आला होता, टेप लावत होता. तीच हिरवी पिशवी भिंतीला टेकून उभी. डाग आता तपकिरी, ओळखू न येणारा. मी बंदूक रिकामी आहे हे तपासलं, पिशवीत घातली, माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली. काका काठी टेकत बाहेर आले आणि मुलाला इंग्रजीत म्हणाले, "ह्याची गंमत माहीत आहे ना? ह्याने एकदा माझी बंदूक शाळेसमोर सीटवर ठेवली होती. मी हजारदा सांगितलं होतं, डिकीला हात लावू नकोस."

मुलगा हसला. "ओह, दॅट वॉज यू?"

मी डिकी तशीच उघडी ठेवून वळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काकांसमोर मान वर करून मराठीत म्हणालो, "काका, तुम्ही मला तसं सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, मागच्या सीटवर ठेव."

काका रागावले नाहीत, गोंधळलेही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"अरे, असं काय बोलतोस? तूच तर पोलिसांना लिहून दिलंस."

काकू दारात उभ्या होत्या. स्टीलचा डबा घेऊन आल्या होत्या, पोरीसाठी बेसनाचे लाडू. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर डब्याच्या झाकणाकडे वळवली, ते नीट बसलंय का ते दोनदा दाबून पाहिलं.

"जाऊ दे ना आता ते," त्या म्हणाल्या. "उशीर होईल तुला." आणि डबा माझ्या हातात देताना डिकीकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "हा सीटवर ठेव हं. तिकडे नको."

मी डबा मागच्या सीटवर ठेवला. डिकी बंद केली, कुलूप लागल्याचा आवाज ऐकला.

वाटेत कुठे थांबलो नाही. कॉफीलाही नाही. दुकानासमोर गाडी लावली, डिकीतून पिशवी काढली. गाडीत आता मागे फक्त लाडू राहिले होते. तरी मी गाडीला कुलूप लावलं, दुकानाच्या दिशेने चार पावलं गेलो, परत आलो, आणि चारही दारं एकेक करून ओढून पाहिली.